अर्धा राहिलेला धवला

इथले भुताखेतांचे बहुतेक अनुभव मी टाइमपास म्हणून वाचतो, खोटं कशाला बोलू? वाचून झालं की हात धुवून जेवायला बसतो. माझा धंदाच आवाजाचा आहे. शहापूरला साऊंड सर्व्हिस आहे, हळदीपासून सत्यनारायणापर्यंत सगळीकडे माझे स्पीकरचे बॉक्स असतात. "घरात कोणीतरी कुजबुजतं" म्हणून घाबरलेल्या लोकांकडेही मी जाऊन आलोय... निम्म्या वेळा सैल वायर निघते, नाहीतर शेजाऱ्याचा टीव्ही. भूतबित मी कधी मानलं नाही. आणि आता मीच हे लिहायला बसलोय, हसा तुम्ही.

आमचा तिघांचा बँड आहे. मी ड्रम वाजवतो आणि रेकॉर्डिंगही माझ्याकडेच. वाशिंदचा प्रथमेश कंपनीत शिफ्ट करतो आणि उरलेल्या वेळात घशातून गुरगुरतो. डोळखांबकडचा नीलेश गिटार वाजवतो आणि गातो. मेलोडिक डेथ मेटल म्हणतात त्याला — आवाज राक्षसाचा, ड्रम अंगावर येणारे, पण गिटार एकदम सुरेल. आमच्यात पॉवर मेटलचीही भर आहे, म्हणजे मध्येच नीलेशचा उंच, स्वच्छ आवाज येतो आणि अंगावर काटा येतो. घरचे याला रेडा कापल्याचा आवाज म्हणतात, ते सोडा.

आम्ही एक अल्बम केला, तो नीलेशच्या बहिणीवर होता. वनिता तिचं नाव, आम्ही वनी म्हणायचो. हळदीच्या दिवशी भर दुपारी पाटावर बसलेली असताना ती चक्कर येऊन पडली. दवाखाना गाठेपर्यंत सगळं संपलं होतं. डॉक्टर म्हणाले, मेंदूत रक्तस्राव.

त्या मांडवात साऊंड माझाच होता. पण तेव्हा मी बॉक्स बंद ठेवले होते, कारण नीलेशची आई, म्हणजे काकी, स्वतः धवला गात होत्या. बाहेरच्यांसाठी सांगतो — आमच्याकडे लग्नात धवलारीण असते, ती धवले, म्हणजे लग्नविधीची गाणी गाते. जुनी माणसं तर म्हणतात, लग्न खरं तीच लावते. काकी पंचक्रोशीत नावाजलेल्या धवलारीण. शेवटच्या कडव्यात नवरीचं नाव, मग तिच्या घराचं, आणि सगळ्यात शेवटी नवऱ्याचं नाव घेतलं की धवला पुरा होतो. स्वतःच्या पोरीचा धवला काकींनी त्या दिवशी मध्येच सोडला, आणि त्यानंतर कोणाच्याच लग्नात त्या गायल्या नाहीत.

नीलेशला अल्बमच्या शेवटच्या गाण्यात तोच धवला हवा होता, पण त्याला फक्त अर्धा येत होता. बाकीचा मागायला आम्ही दोघं काकींकडे गेलो. काकी भात पाखडत होत्या. सूप थांबवलं नाही, आमच्याकडे बघितलंही नाही.

"पुरा केला म्हंजे लगीन लागलं," त्या म्हणाल्या. "ज्याच्याशी ठरलं होतं त्याला आता दोन पोरं हायत. मग नाव कोणाचं घेऊ रं? कोणाच्या घरी देऊ माझ्या पोरीला?"

परत येताना गाडीवर मागे बसून नीलेश रडत होता, हे माझ्या पाठीला कळत होतं.

शेवटी ठरलं, आईनं जिथे सोडलं तिथेच आपणही सोडायचं. नीलेशचा आवाज मध्येच तुटेल आणि त्यावर प्रथमेशचं गुरगुरणं, ड्रम, गिटार सगळं कोसळेल. मुरबाडच्या पुढे प्रथमेशच्या मामांची बंद पडलेली भातगिरणी आहे. आसपास वस्ती नाही, म्हणून तिथेच रेकॉर्डिंग केलं. प्रत्येक वाद्य वेगळं, प्रत्येक आवाज वेगळा. हे लक्षात ठेवा.

मग घरी, सकाळच्या उजेडात, चहाचा कप बाजूला ठेवून मी मिक्सिंगला बसलो. शेवटचं गाणं लावलं. नीलेशचा आवाज तुटला, प्रथमेश सुरू झाला, आणि त्याच्या खालून... एक बाई गात होती.

धवला. पुढचा.

मला आधी रागच आला. नीलेशला फोन लावला, "काकींनी गायलं आणि मला सांगितलं नाय?"

"कुठं गायली आय? काय बोलतोस?"

तो आला, त्यानंही ऐकलं. मग मी माझी सगळी अक्कल लावली. नुसते ड्रम ऐकले, काही नाही. नुसती गिटार, काही नाही. प्रथमेशचा ट्रॅक, नीलेशचा ट्रॅक, सगळे साफ. चारही एकत्र लावले की ती गाते. एक जरी बंद केला तरी जाते. लांबच्या लग्नातला भोंगा माइकमध्ये शिरला असता तर कुठल्यातरी ट्रॅकवर सापडलाच असता ना? लॅपटॉप बदलला, हेडफोन बदलले, फरक शून्य.

काकींना ऐकवायचं की नाही यावर आमचं भांडण झालं. मी नको म्हणत होतो. नीलेश म्हणाला, "तिचं गाणं हाय, तिला हक्क हाय."

पडवीत स्पीकर ठेवला. प्रथमेशचा आवाज आल्यावर काकी जरा दचकल्या. मग ती जागा आली. काकींचे ओठ शब्दाशब्दाला हलायला लागले, शब्द त्यांचेच होते.

"काकी, तुमचाच आवाज ना हा?" मी विचारलं. मला हो ऐकायचं होतं.

"नाय. मी अशी मधी दम घेत नाय." त्यांनी पदर तोंडाला लावला. "वनी घेते. किती वेला सांगितलं तिला, ओळ पुरी कर न् मग दम घे. ऐकायचीच नाय."

नीलेश उठून अंगणात गेला. काकी म्हणाल्या, "परत लाव." मी लावलं. वनीचं नाव आलं, घराचं आलं... आणि नवऱ्याच्या नावावर माझा ड्रम धाडधाड कोसळत होता.

"तुझा तो ढोल कमी कर रं. नाव ऐकू येत नाय."

कमी कसा करू? ड्रम जरासा खाली आणला की तीच विरत जाते. काकींना हे परोपरीनं समजावून बघितलं. आयुष्यभर लोकांचे आवाज मोठे करून पोट भरलंय मी, आणि एक शब्द मोकळा करून देता येईना.

अल्बम आला. त्यात ते गाणं तुटतं तिथेच संपवलंय, पुढचं नीलेशनं ठेवू दिलं नाही. पुढचं फक्त माझ्याकडे आणि काकींच्या मोबाईलवर आहे. काकी रोज दुपारी कानाला लावून ऐकतात, गुरगुरण्यासकट. गल्लीतल्या बायकांना वाटतं, म्हातारीचं डोकं फिरलं.

कोणाला याचं शास्त्रीय कारण माहीत असेल तर सांगा, मी ऐकून घेईन. मला अजून सापडलेलं नाही.

दर वेळी गेलो की काकी विचारायच्या, नाव कळलं का; परवा गेलो होतो तेव्हा विचारलं नाही. इअरफोनचं एक बोंड माझ्या कानात घातलं, दुसरं स्वतःच्या. गाणं संपल्यावर म्हणाल्या, "नाव नाय कळलं तरी चालंल. तुला आवाजातलं कळतं. खुशीत गाते ना रं ती?"

मी म्हटलं, "हो काकी. खुशीत आहे."

तेव्हापासून ते गाणं मी कितीदा तरी ऐकलंय. ती हसत गाते की रडत, मला अजून सांगता येत नाही.