माहिती कुणाला सांगू नका!

डेटा गोळा करायला महिने लागतात. किस्से मात्र चहा येईपर्यंत गोळा होतात! भवानी पेठेतल्या आमच्या छोट्याशा संस्थेत मी बायकांना टॅबवर सर्व्हे करायला शिकवते, आणि लोकांनी विश्वासानं सांगितलेलं जपायलाही. डिलीट करावेत म्हटलं तरी हे किस्से डोक्यातून जात नाहीत.

दुधनीच्या शांतक्काचा पहिलाच सर्व्हे. शिकवल्याप्रमाणे तिनं एका आजोबांना विचारलं, "तुमची संमती आहे का?"

आजोबा खुलले. "आमची काय ना न्हाय. पण पोरगी कुटली हाय?"

नातेपुत्याची सुनंदा म्हणजे कडक काम. पासवर्ड कुणालाही सांगायचा नाही, असं मी तिला बजावलेलं. दुसऱ्याच दिवशी सरांना तिचा टॅब तपासायचा होता.

"पासवर्ड सांग."

"न्हाय सांगणार."

"अगं, मी संस्थेचा प्रमुख आहे!"

"व्हय की. म्हणून तर तुमाला नीट सांगतेय!"

लई हसलो. पण सगळेच किस्से हसायचे नसतात ना. वस्तीच्या बैठकीत सरांनी एक नकाशा लावला. टीबीचा पेशंट असलेल्या घरावर लाल ठिपका, नाव कुठंच नाही. एक आजी बोटानं गल्ली शोधत गेल्या आणि ओरडल्या, "ही बगा पाण्याची टाकी! टाकीला लागून लाल. म्हणजे आपली पद्माच की!"

पद्मा मागंच बसली होती.

मी धावत जाऊन नकाशा उतरवला. लोकांनी पाहिलेलं कसं उतरवणार? तेव्हापासून टाकीवर पद्मा येत नाही, तिची सासू येते. त्या गल्लीत माझी पावलं अजून भरभर पडतात.

आणि परवा! घरातल्या भांडणांचा, मारहाणीचा सर्व्हे चालू होता. एक माणूस तणतणत ऑफिसात शिरला. "माज्या बायकोनं काय सांगितलंय ते दाखवा!"

मी हातातला टॅब पालथा ठेवला. हा इथून कसा परत जाईल, तशी घरी तिची गत.

शांतक्कानं खुर्ची पुढं सरकवली. "कूड्री, बसा. कुणाचंच कुणाला दाखवत न्हाय आमी. तुमाला तुमचं सांगायचं आसंल तर सांगा की."

तो बसला. आधी गुरगुरला, मग हळूहळू बोलत राहिला. बंद पडलेला माग, दारू, उगारलेला हात, सगळं. पुढ्यातला चहा गार झाला.

उठताना त्यानं दाराकडं पाहिलं आणि आवाज एकदम खाली आणला.

"मॅडम, हे माज्या बायकोला दाखवणार न्हाय न्हवं?"