खालच्या गावाचा व्हॉल्व्ह

"माझा बाप खोटं बोलला असेल, तर मला ते कळायलाच नको," असं तो एकदा मला म्हणाला होता.

तेव्हा तो नगरपालिकेच्या रेकॉर्डच्या खोलीत माझ्यासमोर बसला होता, स्टुलाच्या अगदी कडेला, केव्हाही उठून जाण्याच्या बेतात. मी तिथला कारकून. तो पाणीखात्यातला व्हॉल्व्हमन. तीस वर्षं त्याने वरच्या बाजूच्या गल्ल्यांना पाणी सोडलं होतं. खांद्यावर माणसाच्या उंचीची लोखंडी चावी घेऊन हिंडायचं, रस्त्यातलं झाकण उचलून ती खाली घालायची. डावीकडे फिरवली की उघडतं, उजवीकडे फिरवली की बंद. पाणी सोडून तो दहा पावलं जायचा आणि परत येऊन चावी पुन्हा घालून बघायचा. सायकलचं कुलूपही दोनदा ओढायचा. त्यामुळे त्याला सगळे 'दोनदा' म्हणायचे. एका रजेच्या आदेशावर साहेबांनी चुकून तेच नाव लिहिलं, तर त्याने मुकाट्याने त्यावर सही केली.

ही खोड त्याला लागली ती त्रेचाळीस वर्षांपूर्वीच्या एका दुपारमुळे. त्याचे वडीलही व्हॉल्व्हमन, वरच्याच बाजूचे. खालच्या बाजूचा व्हॉल्व्हमन टायफॉइडने दवाखान्यात पडला होता, पुढे तो तिथेच वारला. त्याच आठवड्यात खालच्या बाजूला, बाजाराच्या रस्त्यावर लाकडाच्या वखारीला आग लागली. बंब आला, पण पाण्याला जोर नव्हता. व्हॉल्व्ह अर्धाच उघडा असणार, म्हणून वडिलांना धाडलं. त्यांनी चावी घातली, अंगातलं सगळं बळ लावून फिरवली, आणि अख्ख्या बाजारादेखत बंबाची धार मान टाकून बसली. "उघडलाय! पूर्ण उघडलाय!" असं ओरडत त्यांनी ती आणखी आवळली. मग चावी खांद्यावर टाकून ते चढाच्या दिशेने पळत सुटले. जिवाला कुणाच्या धक्का लागला नाही, पण पंधरा दुकानांचा कोळसा झाला.

गावाने दोनच गोष्टी ध्यानात ठेवल्या. याने पाणी बंद केलं, आणि मग हा पळाला. चौकशीनंतर वडिलांना टाकी धुण्याच्या कामावर टाकलं, तिथूनच ते निवृत्त झाले. "मी उघडला होता," हे वाक्य त्यांनी घरात वर्षानुवर्षं म्हटलं. मग हळूहळू म्हणायचं थांबले.

"आता काय म्हणतात?" मी विचारलं.

"आता म्हणतात, बंदच केला असेल रे मी. नळाला हात लावत नाहीत. पेला घेऊन उभे राहतात, आमची ही येऊन नळ सोडेपर्यंत. शहाऐंशीचे झालेत."

खात्यातला फोरमन खालच्या बाजूचा. जळालेल्या दुकानांतलं तिसरं दुकान त्याच्या वडिलांचं होतं, कापडाचं. हजेरीच्या वेळी तो रोज न चुकता विचारायचा, "काय दोनदा, आज पाणी उघडलंय ना? की तुझ्या बापासारखं उघडलंय?" लोक हसायचे. हाही हसायचा. एवढी वर्षं रोज हसल्यावर माणसाच्या चेहऱ्याला त्या हसण्याची घडीच पडते.

मग नव्या पाइपलाइनसाठी बाजाराचा जुना रस्ता खणला आणि खालून तोच व्हॉल्व्ह निघाला. आगीनंतर बाजार दुसरीकडे हलवला होता, खालच्या बाजूला सगळे व्हॉल्व्ह नवे बसवून जुनी लाइन तशीच गाडून टाकली होती, त्यामुळे त्या दुपारनंतर त्याला कुणाचा हात लागलेला नव्हता. माती खरवडल्यावर त्याच्या पोटावर ओतीव अक्षरांत एका गावाचं नाव दिसलं. ते आमच्या गावाचं नव्हतं.

इंजिनियर बाई नव्या, बाहेरगावच्या. त्या माझ्याकडे आल्या. "हे गाव कुठे आहे हो?"

मी जन्माचा इथला. मी ते नाव कधी ऐकलंही नव्हतं.

चार दिवस मी मांडण्या उपसल्या. शिंकून शिंकून नाक सोललं. पाचव्या दिवशी एक फाइल सापडली, तिची दोरी हात लावताच तुटली. ज्याला आम्ही खालची बाजू म्हणतो, ते नव्वद वर्षांपूर्वी एक वेगळं गाव होतं. वेगळी नगरपालिका, वेगळी टाकी, वेगळे नळ. मधून ओढा वाहत होता, तो पुढे बुजवून त्यावर रस्ता केला. त्याच रस्त्यावर आमची कचेरी आहे. दोन गावं एक करायची ठरल्यावर नाव कुणाचं ठेवायचं यावर अकरा बैठका झाल्या. बाराव्या बैठकीत खालच्या गावाने माघार घेतली, ती एका अटीवर: आपलं जुनं नाव कुठेही उरू नये. हरलेलं नाव रोज वाचायला त्यांना नको होतं. पाट्या उतरवल्या, शिक्के वितळवले. लोकांनी अट इतकी चोख पाळली की नातवंडांना आपण कुठल्या गावचे हेसुद्धा माहीत राहिलं नाही.

त्याच फाइलमध्ये पाणीखात्याची टीप होती. 'खालच्या गावाचे व्हॉल्व्ह उजवीकडे फिरवल्यावर उघडतात. नोकरांस समज द्यावी. सवडीने बदलावेत.' खाली लाल शाईत साहेबांचा शेरा: 'पाहून घ्यावे.' कुणी पाहिलं नाही. खालच्या व्हॉल्व्हमनच्या हाताला ते ठाऊक होतं, तेवढ्यावर चाललं.

हे दाखवायलाच मी त्याला बोलावलं होतं. त्याने कागद वाचला, बराच वेळ वाचला.

"हाच व्हॉल्व्ह तसा होता, असं कुठे लिहिलंय? मधल्या काळात बदलला असेल."

"मग फिरवून बघ की. रॉकेल घालून ठेवलाय बाईंनी. शुक्रवारी तीनला भंगारवाला येणार, मग बसशील."

तेव्हा तो बापाबद्दलचं ते वाक्य बोलला आणि निघून गेला.

शुक्रवारी अडीच वाजता तो वर्कशॉपच्या दारात उभा होता, चावी घेऊन. व्हॉल्व्ह बुटक्या बाकावर आडवा, शिकंज्यात आवळलेला. एका तोंडाशी फोरमन, दुसऱ्या तोंडापलीकडे इंजिनियर बाई. आतली झडप पूर्ण खाली होती. बंद.

"बघा," फोरमन म्हणाला, "बंदच आहे. आणखी काय पाहिजे?"

त्याने चावी बसवली आणि डावीकडे जोर लावला. आयुष्यभर जसा उघडला तसा. हललं नाही. दांड्याला पाइप जोडून आणखी लावला. मानेच्या शिरा फुगल्या. नाहीच.

"गंजलाय," कुणीतरी म्हणालं.

"आता उजवीकडे बघा," बाई म्हणाल्या.

तो थांबला. मला वाटलं, आता चावी टाकून जाणार. मग त्याने पाय रोवले आणि उजवीकडे रेटलं. आतून करकर आवाज आला, गंजाचा भुगा पडला, आणि चावी फिरली. एक फेरा. दुसरा. फोरमन व्हॉल्व्हच्या तोंडात डोकावून पाहत होता.

"थांब," तो म्हणाला. मग, "नाही, फिरव. फिरव." मग अगदी वेगळ्या आवाजात, "बाई, तुमचे बूट दिसतायत."

"आणि आता उलट," बाई म्हणाल्या.

चावी डावीकडे फिरली तशी झडप खाली आली आणि बूट दिसेनासे झाले.

"च्यायला," फोरमन म्हणाला. "सरक. मला दे." त्याने स्वतः फिरवून पाहिलं. बूट आले, बूट गेले. तो गुडघ्यांवर हात ठेवून उभा राहिला. "म्हणजे म्हातारा उघडतच होता की रे. जितका उघडायला जोर करेल तितका... मग पळाला कशाला?"

"टाकीकडे. त्यांना वाटलं टाकी रिकामी झाली. बघायला पळाले."

"मग हे कधी सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं होतं. तुझ्याच वडिलांना. दुकानाच्या राखेत उभं राहून. मी चौदा वर्षांचा होतो."

दाराशी भंगारवाल्याचा हॉर्न वाजला. "नाही द्यायचा हा!" फोरमन एवढ्या मोठ्याने ओरडला की सगळे दचकले, आणि मग का कोण जाणे, हसू लागले. या वेळी कुणी कुणाला हसत नव्हतं. नुसतं सुटल्यासारखं झालं होतं. बाई भिंतीला टेकून डोळे पुसत होत्या.

त्याच्या चेहऱ्यावरची घडी मात्र गेली होती. तिथे काय आलं होतं ते मला सांगता येणार नाही, तो चेहरा मी आधी पाहिलाच नव्हता. त्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"चारची वरची लाइन मी सोडतो," फोरमन म्हणाला. "तू घरी जा. ते जागे आहेत तोवर जा. आणि त्यांना म्हणावं..."

त्याने हाताचा गंज पँटला पुसला, दारातल्या माणसांमधून वाट काढली आणि घराकडे निघाला.