जनकाबाईंचं शेणाचं गोकुळ

आमच्या धाड गावात दिवाळीत दारापुढे शेणाच्या गवळणी करणाऱ्या बाया आता बोटांवर मोजण्याइतक्या उरल्यात. शेजारच्या जनकाबाई त्यांतल्या एक, आणि हट्टीपणात पहिल्या. वसुबारसेपासून भाऊबिजेपर्यंत रोज सकाळी अंगणात अख्खं गोकुळ मांडायचं. गाई, ताक घुसळणारी म्हातारी, डोक्यावर घागरी घेतलेल्या गवळणी, वर झेंडूच्या पाकळ्या. संध्याकाळी ते मोडून त्याच शेणाच्या गोवऱ्या थापायच्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा नवं.

यंदा आषाढात त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. चालणं-बोलणं सावरलं, हात मात्र लुळा राहिला. डाव्या हाताने जेवायला त्या तयार नव्हत्या, म्हणून सून सारिका भरवायची. घास घेताना बाई मान वर करत नसत. ते बघून मला फार वाईट वाटायचं.

वसुबारसेला त्यांनी माझ्या गोठ्यातलं ताजं शेण मागवलं. मी म्हटलं, डाव्या हाताने जमेल तेवढं करा. त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. देवाचं काम डाव्या हाताने करायचं नसतं, हे मला कळायला हवं होतं. त्यांनी डाव्या हाताने उजवा हात उचलला आणि शेणात ठेवला.

दुपारपर्यंत पाच गोळे झाले. मी विचारलं, या गवळणी की बटाटे? त्या हसल्या नाहीत. सारिका एका गोळ्याला नाक काढायला वाकली.

"हात नको लावू," जनकाबाई म्हणाल्या.

संध्याकाळी गोळे मोडले. सकाळी पुन्हा शेण. धनत्रयोदशीलाही गोळेच. लक्ष्मीपूजनाला एक गाय चार पायांवर उभी राहिली, पाडव्याला गवळणीला मान आली. रोज घामाने पदर भिजायचा, खांदा ठणकायचा, पण बाई उठायच्या नाहीत.

भाऊबिजेला त्यांनी उजव्या हाताचा अंगठा आणि बोट यांच्या चिमटीत धरून घागरीचा काठ वळवला. सुबक, पातळ काठ. सारिकाचे डोळे भरून आले, माझेही. संध्याकाळी ती म्हणाली, आई, एवढी घागर मोडू नका, वाळवून कपाटात ठेवू. मीही तिचीच री ओढली.

जनकाबाईंनी उजव्या मुठीत घागर घेतली आणि हळूहळू मूठ आवळली.

"ठेवून काय करू? हात तं माह्यापाशीच हाये. आज मले भरवू नको."