शालूने सबनीसांना विचारलेला प्रश्न

शालू तावडे गेली त्याच्या चार दिवस आधी मी तिला बोरिवलीच्या हॉस्पिटलात भेटले. नाकात नळी, हात सुजलेले, तरी तिने आधी विचारलं ते शनिवारच्या मिटिंगचं. वॉर्निशची टाकी खिडकीजवळ हलवायची की नाही, यावर आमच्या बायकांच्या सोसायटीच्या गाळ्यात दोन आठवडे वाद चालला होता आणि तिची बाजू हरली होती. मी तसं सांगितल्यावर म्हणाली, पुढच्या शनिवारी परत विषय काढ. पुढच्या शनिवारी ती नव्हती... गेलेल्या माणसाबद्दल लिहिताना सगळ्यांना क्षमा करून टाकायची पद्धत आहे. मला ते जमणार नाही. शालूने क्षमा केली नव्हती, आणि तिच्या वतीने ती वाटत सुटायचा अधिकार मला नाही.

आमची ओळख ऐंशी सालच्या आसपासची, अंधेरीच्या कारखान्यातली. तिथे ट्यूबलाइटचे चोक बनायचे. साठ बायका ओळीने बसून मशीनवर तांब्याची तार गुंडाळायच्या. मॅनेजर होते सबनीस. ते आवाज चढवत नसत, पण काचेच्या केबिनमधून त्यांची नजर फिरली की आमच्या माना आपोआप खाली जायच्या. कारखान्यात फोन एकच, तोही त्या केबिनमध्ये. एका दुपारी कुर्ल्याहून शालूच्या आईच्या शेजारणीचा फोन आला, की आई छातीत दुखून पडली आहे, मुलीला लगेच पाठवा. त्या दिवशी मोठा माल ट्रकात चढायचा होता. सबनीसांनी निरोप ऐकला, फोन ठेवला आणि साडेपाचची घंटा झाल्यावर शालूला बोलावून सांगितलं. ती कुर्ल्याला पोचली तेव्हा सगळं आटोपलं होतं. फोन दोन वाजून दहा मिनिटांनी केला होता, हे तिला शेजारणीनेच सांगितलं. म्हातारी चार वाजेपर्यंत दाराकडे बघत होती, हेही. तेरावं झाल्यावर शालू कामावर आली आणि जेवणाच्या सुट्टीत हे सगळं फक्त मला सांगितलं. शेवटी एवढंच म्हणाली, "मालन, मी हे विसरायची नाही." त्यानंतर कित्येक वर्षं तिने हा विषय काढला नाही.

पुढे मालकाने कारखाना मुंबईबाहेर हलवला. कामगार कोर्टात बऱ्याच खेपा घातल्यावर तडजोडीत जुनी मशीनं आमच्या पदरात पडली. तीस जणींनी मिळून सोसायटी काढली आणि चारकोपला गाळा घेतला. तिथे मालक कोणी नव्हता, मॅनेजरही नव्हता. कोणी काय काम करायचं याची यादी दर महिन्याला वेगळी बाई करायची आणि बाकी सगळं शनिवारी हात वर करून ठरायचं. पहिले सहा महिने नुसती वाट लागली होती. मान खाली घालायची सवय झालेल्या बायका एकदम बोलायला लागल्या आणि थांबेचनात! शालूने पहिल्याच मिटिंगला ठराव मांडला की फोन गाळ्याच्या मधोमध राहील आणि जी जवळ असेल ती उचलून नाव पुकारील. त्याला कोणी विरोध केला नाही. कारण काय, तेही कोणी विचारलं नाही.

आणि मग एके दिवशी सबनीस आले. कंपनीने त्यांनाही घरी बसवलं होतं. इस्त्रीचा शर्ट, काखेत फाइल. मला कामावर घ्या, एका बड्या व्यापाऱ्याची ऑर्डर घेऊन येतो, म्हणाले. आमचं काम तेव्हा रोडावलं होतं. मी मिटिंगमध्ये त्यांच्या बाजूने बोलले. माणूस कसाही असो, माल खपायला हवा, आणि आता तर आपणच त्यांच्यावर लक्ष ठेवणार, असं काहीतरी... सगळं ठाऊक असून बोलले. शालू म्हणाली, त्यांना आत बोलवा. ते तिच्यासमोर येऊन उभे राहिले. तिने एकच विचारलं.

"साहेब, त्या दिवशी कुर्ल्याहून फोन किती वाजता आला होता?"

इतके फोन येतात, कसं लक्षात राहणार, असं ते म्हणाले.

"दोन दहाला आला होता," शालू म्हणाली. "मला साडेपाचला कळलं. आई चारला गेली."

मग त्यांच्या देखत हात वर झाले. त्यांना घ्यावं म्हणणारे चार, त्यातला एक माझा. बाकी सगळे विरोधात. सबनीस फाइल सावरत निघून गेले. शालूच्या चेहऱ्यावर तेव्हा जो आनंद होता तो बघायला सुंदर नव्हता, पण तो तिच्या हक्काचा होता. ती ऑर्डर दुसऱ्या गाळ्यात गेली आणि आमची सात मशीनं बंद पडून राहिली. शालू पिशवीत चोक घालून घाटकोपर-मुलुंडची इलेक्ट्रिकची दुकानं पालथी घालत राहिली, तेव्हा कुठे ती मशीनं फिरली. माझ्याशी पंधरा दिवस बोलली नाही. मग एका दुपारी माझ्या डब्याच्या झाकणात कुळथाची पिठी वाढत म्हणाली, "खा गं. मत तुझं होतं, तू दिलंस. राग माझा आहे, तो राहणार."

तिच्या तेराव्यानंतरच्या शनिवारी आम्ही गाळ्यात शोकसभा ठेवली. सबनीस हार घेऊन आले. केस पूर्ण पांढरे झालेले. दारातच मला हळू आवाजात म्हणाले, तो फोन मला त्या मिटिंगच्या दिवशीही आठवत होता, सगळ्यांसमोर तेवढं सांगू द्या. एकटीने ठरवायची आमच्यात रीत नाही. मी ते उभे असतानाच त्यांचं म्हणणं सगळ्यांना सांगितलं आणि विचारलं, यांना बोलू द्यावं असं कोणाला वाटतं? एकही हात वर झाला नाही. माझाही नाही. हार मी त्यांच्या हातात परत दिला. मला बरं वाटलं, आणि आज लिहितानाही वाटतंय.

सभेचं इतिवृत्त लिहायची पाळी त्या दिवशी माझी होती. वहीत निम्म्याहून जास्त पानं शालूच्या अक्षरातली, बारीक, उजवीकडे झुकलेली. मी लिहिलं, 'सबनीसांना बोलू द्यावे : बाजूने कोणी नाही.' मग मागे जाऊन ते जुनं पान काढलं. त्या दिवशी लिहायची पाळी शालूची होती. बाजूने असलेल्या चौघींत पहिलं नाव माझं, आडनावासकट, एकाही अक्षराची खाडाखोड नाही. माझ्या हातात पेन होतं, एक रेघ मारून ते नाव खोडता आलं असतं... वही मिटून मी कपाटात ठेवली.