सखूमामी आणि नाल्याची भिंत

सखूमामी नाल्यातला कचरा ज्याचा त्याला परत नेऊन द्यायची. वाशीमला आमच्या बौद्धवस्तीमागून नाला वाहायचा आणि पलीकडची वरची आळी काठावरच्या लांब भिंतीवरून त्यात सगळं फेकायची. मामी ते घमेल्यात भरून थेट त्यांच्या दारात ठेवायची. "तुमची वस्तू खाली पडली व्हती," म्हणायची. शिव्या खायची, पुन्हा जायची. मी शेजारची नवी सून. मला तिची धास्तीच वाटायची.

बहात्तरच्या दुष्काळात विहिरी आटल्या. आता पाणी मिळालं तर नाल्यातच, गाळ काढून वाळूत झिरा खोदला तर. दोन्ही काठांच्या बायका गाळ उपसायला उतरल्या, पण वरून घाण पडायची थांबेना. भिंतीवर देव रंगवा, मग कुणी टाकणार नाही, असं आळीतल्या एका गुरुजींनी सुचवलं. मामी म्हणाली, "आमी देव सोडले गुरुजी. अन् तुमी तुमच्या देवाले कचऱ्याच्या राखनीले कायले बसवता? मानसं काढा. मानसाची लाज वाटते का पाहू."

मग बायकांनी भिंतीच्या आळीकडच्या अंगावर गेरू, चुना आणि निळीनं स्वतःलाच काढलं, कमरेवर घागर घेतलेलं. मामीचं नाक वरच्या आळीच्या विमलबाईनं काढलं. ते इतकं लांब झालं की दोघी हसून हसून खाली बसल्या. आपल्याच काकूच्या डोक्यावरून राख फेकायला कुणाचा हात धजेना. कचरा थांबला, झिऱ्याला नितळ पाणी लागलं.

पाणी लागलं आणि आळीला विटाळ आठवला. एका सकाळी भिंतीवरच्या आमच्या वस्तीतल्या तेवढ्या बायका चुन्यानं पुसलेल्या दिसल्या. वस्तीनं झिऱ्याच्या खालच्या अंगाला पाणी भरावं, असा निरोप आला. तिथं नुसता चिखल होता. मामीनं घागर उचलली आणि झिऱ्यावर गेली. आम्ही चारचौघी मागोमाग.

झिऱ्यावर विमलबाई होती. मामी वाकली आणि तिची घागर विमलबाईच्या घागरीला लागली. विमलबाईनं काठावर उभ्या पुरुषांकडे पाहिलं आणि आपली भरलेली घागर वाळूत ओतून दिली.

मामीचा आवाज कापलेला मी तेव्हाच ऐकला. "माहं तोंड पुसलं, मी काही म्हनलं नाही. पानी काहून सांडलं वं विमल?"

विमलबाई मान खाली घालून निघून गेली. मामी तिथंच बसली, वाटीवाटीनं आमच्या घागरी भरत, आणि तिला उठवायची कुणाची छाती झाली नाही. वस्तीला पाणी मिळालं. विमलबाईचं नाव मात्र मामीनं पुन्हा तोंडी घेतलं नाही, अगदी शेवटच्या दुखण्यातही.