दुसरं ताट

माझी लेक मांगा या जपानी चित्रकथेचा नवा अंक उघडते, तेव्हा खारघरच्या या घरात शाईचा वास पसरतो आणि मी नेरूळच्या आमच्या जुन्या जिन्यात पोचते.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. शेजारच्या सारसोळे कोळीवाड्यातल्या हिरामावशी रविवारी मासे विकून झाले की रिकामी पाटी घेऊन आमच्या पायरीवर टेकायच्या. त्यांना वाचता यायचं नाही, म्हणून साप्ताहिकातली नावाड्याची चित्रकथा मी मोठ्याने वाचून दाखवायचे. कितीतरी वर्षं चाललेली कथा. दर भागात वादळ, नाहीतर मारामारी.

एका रविवारी मात्र पानभर नुसती चित्रं. नावाडी घरात बसून जाळं विणतोय, बस्स. माझा विरस झाला. "आज काहीच नाही, मावशी," म्हणून मी अंक मिटला.

"दे बगू." पदराला हात पुसून त्यांनी अंक मांडीवर घेतला. त्यांचं बोट एकेका चित्रावरून सावकाश फिरत राहिलं. "हे बग, दोन ताटं मांडलीत. दार उघडं ठेवलंय. मागच्या वादळात त्याचा जोडीदार गेला ना? त्याची वाट बगतोय तो."

मी तो जोडीदार विसरूनही गेले होते. शेवटच्या चित्रात दुसरं ताट झाकून ठेवलेलं होतं.

"घरचा मानूस खाडीत मासळीला गेला का मी पन असंच झाकून ठेवते," त्या म्हणाल्या आणि पाटी उचलून निघाल्या.

एवढी वर्षं वाचून दाखवलं मी. तो एक भाग मात्र त्यांनी मला वाचून दाखवला.