हरणाच्या तोंडातली डहाळी

जर्मनीतल्या मराठी मंडळींनो, हे सांगितल्याशिवाय आज माझ्या घशाखाली काही उतरणार नाही.

सकाळी नाश्त्याला आमचा जर्मन जावई योनास आणि त्याचा शिकारी मित्र रिव्हॉल्व्हरची काडतुसं टेबलावर मांडून वाद घालत होते. जखमी जनावराला शेवटची गोळी कुठली घालावी?

"चव्वेचाळीस मॅग्नमच! रानडुक्कर अंगावर आलं की कळेल तुला," मित्र म्हणाला.

"तिचा दणका एवढा, की दुसरी गोळी नेमकी बसतच नाही. हरणाला तीनशे सत्तावन्न पुरते," योनास म्हणाला. "हो ना, बाबा?"

"मी आयुष्यात फक्त दिवाळीच्या टिकल्या फोडल्यात रे!" दोघंही हसले.

तेवढ्यात पोलिसांचा फोन आला. मोटारीने हरणाला उडवलं होतं; असं झालं की इथले पोलीस त्या भागातल्या शिकाऱ्यालाच बोलावतात. योनासबरोबर मीही गेलो. शाळेत पाठ केलेल्या कवितांमधली हरणं नुसती बागडायची. हे मागचे पाय ओढत होतं. योनासने जवळून तीनशे सत्तावन्नची एकच गोळी घातली. पुरली.

मग त्याने ओकची डहाळी मोडून हरणाच्या तोंडात ठेवली. "शेवटचा घास, बाबा. इथल्या शिकाऱ्यांची रीत आहे."

मी गाडीत जाऊन बसलो. जानेवारीत म्युनिकच्या हॉस्पिटलात आमची ही गेली, तेव्हा बाल्कनीतली तुळस थंडीने जळून गेली होती. कुठेच पान मिळालं नाही. तिच्या तोंडात मी काहीच ठेवू शकलो नाही.

तुमच्याकडे हिवाळ्यात तुळस जगते का हो? कशी जगवता? आता कळून उपयोग नाही, तरी सांगा.